पुढच्या चाकाचा ब्रेक

वाकोला, सांताक्रूझ पूर्व
१२ जानेवारी २०२५

धोंडूकाका,

नमस्कार. मी दिशा, लवूची मुलगी. अशी ओळख करून द्यायची वेळ यावी याचं वाईट वाटतं, पण पाच वर्षं उलटून गेली, आपण एकमेकांशी एक शब्द बोललेलो नाही. तुमच्या कानांचं मला तुमच्या शेजारणीने, चंपाआत्याने सांगितलं. फोनवर आता काहीच ऐकू येत नाही, आणि दुसऱ्याच्या मोबाइलवर निरोप आलेला तुम्हाला चालत नाही, असं म्हणाली. म्हणून पत्र लिहितेय. शाळेनंतर पहिल्यांदाच. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

कामाचं सांगते. आपली चाळ पाडून टॉवर होणार आहे. या वेळी खरंच. जूनअखेर सगळ्यांनी खोल्या रिकाम्या करायच्यात. जिन्याखाली बाबांची मोटरसायकल अजून उभी आहे. बाबांच्या अपघातानंतर पोलीस चौकीतून टेम्पोत घालून आणली आणि जिथे ठेवली तिथेच. कमिटीवाले म्हणतात भंगारात द्या. मला द्यायची नाहीये. मला ती चालू करायची आहे.

मी आता एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताची सॅम्पल घेते. सांताक्रूझपासून पार गोवंडीपर्यंत फिरावं लागतं. गाडी असली तर सोय होईल. पण खरं सांगायचं तर कारण तेवढंच नाही. त्या गाडीच्या टाकीवर बसून मी बालवाडीत गेलेय. कोणी ती हातोड्याने फोडून पोत्यात भरतंय, हे मला बघवणार नाही.

दर रविवारी त्याच जिन्याखाली तुम्ही अख्ख्या चाळीच्या सायकली आणि गाड्या ठीक करायचात. पान्यांचे नंबर मला तुम्हीच शिकवलेत. तर आता सांगा, सुरुवात कुठून करू? अवस्था अशी आहे : टाकीत गंज, कार्बोरेटर चिकटलेला, क्लचची वायर तुटलेली, सीट उंदरांनी खाल्लेली. आणि पुढचं चाक फिरतच नाही. एकदम जाम. पुढून उचलल्याशिवाय गाडी हलत नाही.

आई बरी आहे.

तुमची,
दिशा

*

आंबडोस, ता. मालवण
२३ जानेवारी २०२५

चि. दिशास,

आशीर्वाद. पोस्टमनने पाकीट दिलं तेव्हा मागचा पत्ता वाचला आणि ते उघडायला संध्याकाळ केली. अक्षर लवूसारखं आहे, उजवीकडे पडणारं.

विचारलंस त्याची उत्तरं देतो. टाकी काढून आत दोन मुठी बारीक खडी आणि साबणाचं पाणी घाल, बूच लाव आणि हात दुखेपर्यंत हलव. गंज सुटेल. मग पेट्रोलने धू. कार्बोरेटर उघडताना प्रत्येक स्क्रू कुठून निघाला ते कागदावर चित्र काढून त्याच्यावरच ठेव. आतली भोकं सुईने टोकरू नकोस, मोठी होतात. केसाएवढी तार वापर. गाडी २००३ च्या सुरुवातीची आहे, हे दुकानात आधी सांग. त्याच वर्षी कंपनीने मॉडेलचं नाव तेच ठेवून आतल्या निम्म्या वस्तू बदलल्या. दुकानदार नाव ऐकून वस्तू पुढे करतो. वस्तू नवी मिळते, पण लागत नाही.

पुढच्या चाकाला हात लावू नकोस. ते तसंच भंगारात दे आणि जुन्या बाजारातून ड्रमसकट अख्खं चाक आणून बसव. जुनं उघडण्यात वेळ घालवण्यासारखं त्यात काही नाही.

तुझ्या आईची, मालनची तब्येत कशी असते? तिने काही निरोप दिला असता तर तू लिहिलाच असतास, म्हणून जास्त विचारत नाही.

मी ठीक. कान गेले ते गेले. मिलमध्ये मागांच्या खडखडाटात बावीस वर्षं काढली, त्यांनी आता वसुली केली. हत्यारांची पेटी माळ्यावर टाकली आहे. गाडीदुरुस्ती सोडली.

धोंडू

*

वाकोला
९ फेब्रुवारी २०२५

धोंडूकाका,

टाकी झकास निघाली. कार्बोरेटर तीनदा उघडून बंद केला, चौथ्यांदा जमला. स्क्रूंचं चित्र काढलं होतं, पण त्यावरून मांजर चालत गेली. असो.

बाकी सगळी वाट लागलीय. क्लचची वायर अंधेरीहून आणली. 'मॅडम, सेम टु सेम है' म्हणाला. चार बोटं लांब निघाली. बदलायला गेले तर दुसरी दिली, ती लांबीला बरोबर, पण टोकाचा गोळा खाचेत जाईना. तिसरी बोरिवलीत मिळाली. मागची चेन घेतली, ती एका कडीने कमी. कंपनी तीच, नाव तेच, डब्यावर फोटोसुद्धा तोच. प्रत्येक दुकानदार इतक्या खात्रीने 'चालेल' म्हणतो ना, की आपल्यालाच वाटतं आपलं काहीतरी चुकतंय.

तुमच्या सांगण्यावरून पुढचं अख्खं चाक पण आणलं. गोवंडीला एका जुन्या गाड्यांच्या दुकानात मिळालं. नाही बसलं. आसाची दांडी जाड आहे, आपल्या गाडीत शिरतच नाही. परत घेत नाही म्हणाला.

कलिन्याला हरेश्वर म्हणून एक मेकॅनिक आहे, जुहू कोळीवाड्यातला, बाबांच्याच वयाचा. लोकांना ओरडत असतो, पण कामाला साफ आहे. त्याने गाडी पाहिली. म्हणाला, "चाक बदलायची गरजच काय? जाम झालंय तर ड्रम उघडून आत बघ ना. तुझ्या काकाने उघडू नको का सांगितलं?"

काका, तुम्ही तर सायकलची घंटी वाजेना झाली तरी उघडून बघायचात. मग हे उघडायचं नाही, असं का?

आणि विषय निघालाच आहे तर विचारते. बाबांच्या बाराव्याला तुम्ही नव्हतात. नवव्या दिवशी गावी निघून गेलात, घराचं छप्पर उडालंय म्हणून. बाबा तुमच्याच खोलीत राहून शिकले, तुम्हीच त्यांना मुंबईत आणलंत. आईला ते फार लागलं. मी मागच्या पत्रात 'आई बरी आहे' एवढंच लिहिलं. खरं म्हणजे मी तुम्हाला पत्र लिहितेय म्हटल्यावर ती म्हणाली, "लिहायचं तर लिही. माझा नमस्कार घालू नकोस."

या महिनाअखेर मी ड्रम उघडणार आहे.

दिशा

*

आंबडोस
१८ फेब्रुवारी २०२५

चि. दिशास,

आशीर्वाद.

चाक बसत नाही म्हणजे तेही २००३ नंतरचंच असणार. ते मी लिहायला हवं होतं. डोक्यात दुसरं काही होतं.

तू उघडणारच. लवूही ऐकत नसे. तर मग नीट उघड. पुढून गाडी लाकडी ठोकळ्यावर चढव. आसाचा नट सोड, आस बाहेर ओढ. ड्रमची थाळी शूंसकट घट्ट बसलेली असेल. तिच्यावर हातोडा मारू नकोस. बाहेरच्या बाजूला ब्रेकच्या वायरीला जोडलेली जी छोटी दांडी आहे, ती उलट दिशेला जोर लावून फिरव. 'खट' असा आवाज येईल. मग थाळी हातात येईल.

आत दोन अर्धगोल ब्रेक शू आहेत. ते कोऱ्या कागदावर आडवे ठेवून पेन्सिलीने कडेकडेने रेघ ओढ. दोन्हींची छाप काढ आणि मला पाठव. टोकांपाशी पेन्सिल सरळ धर. सावकाश काढ.

बाराव्याचं विचारलंस. छप्पर उडालं नव्हतं.

धोंडू

*

वाकोला
२ मार्च २०२५

धोंडूकाका,

दोन्ही शूंच्या छापा सोबत आहेत. पेन्सिल सरळ धरली होती.

तुम्ही लिहिलंत तसंच झालं. दांडी उलट फिरवली, 'खट' आवाज आला आणि पाच वर्षं जाम असलेलं चाक माझ्या हातात गरगरा फिरायला लागलं. मी इतकी खूश झाले की वर जाऊन आईला हाक मारणार होते. मग मला वाटलं, तुम्हाला कसं माहीत होतं? न बघता, पाचशे किलोमीटरवरून तुम्हाला कसं माहीत होतं, की 'खट' आवाज येईल?

मी शू घेऊन हरेश्वरकडे गेले. त्याने चष्मा लावला, टोकावरून अंगठा फिरवला. मग मला समोर स्टुलावर बसवून सांगितलं. ब्रेक दाबला की आत एक चपटा लोखंडी तुकडा फिरतो, त्याला कॅम म्हणतात. तो दोन्ही शूंच्या टोकांना बाहेर ढकलतो, आणि ब्रेक सोडला की परत येतो. शूंच्या टोकांवर पोलादी टोपी असते, म्हणजे कॅमने ती झिजू नयेत. आपल्या शूंना टोप्या नाहीत. कोणीतरी त्या काढून टोकं कानशीने घासलीयत, घासल्याच्या रेघा अजून दिसतात. टोपीखाली मऊ ॲल्युमिनियम असतं. कॅमने ते खात खात खड्डा पाडला, आणि एक दिवस ब्रेक दाबल्यावर कॅम पूर्ण आडवा फिरला आणि तिथेच अडकला. ब्रेक सुटलाच नाही.

मी त्याला विचारलं, चालत्या गाडीवर असं झालं तर काय होतं?

तो म्हणाला, "पुढचं चाक जागीच थांबतं, बाय. मग माणूस हँडलवरून पुढं जातो."

पोलिसांनी पंचनाम्यात लिहिलं होतं की रिक्षा आडवी आली, दुचाकीस्वाराने अचानक ब्रेक दाबला, तोल गेला. पाच वर्षं मी त्या रिक्षावाल्याला शिव्या घातल्यात.

बाबांच्या गाडीला तुमच्याशिवाय कोणी हात लावत नसे. टोप्या कोणी काढल्या, काका?

दिशा

*

आंबडोस
११ मार्च २०२५

चि. दिशास,

मी काढल्या.

छाप आली तेव्हा मी पडवीत बसून ती उजेडासमोर धरली. वरच्या टोकाशी जी खाच तुझ्या पेन्सिलीला सापडली, ती मी पाच वर्षं डोळे मिटून पाहत आलो आहे. कागदावर आज पहिल्यांदा पाहिली.

आता सगळं लिहितो. त्या ऑगस्टात लवू म्हणू लागला, दादा, पुढचा ब्रेक लागत नाही. शू झिजले होते. नवे शू बाजारातून आले. रविवारी दुपारी मी जुने काढून फेकले आणि नवे लावायला गेलो तर थाळी ड्रममध्ये शिरेना. गोलाई बरोबर, टोकं जाड. २००३ नंतरच्या मॉडेलचे होते. मी म्हटलं, बदलून आणू या. तर दुकान रविवारी बंद. लवू बाजूला उकिडवा बसला होता. म्हणाला, "दादा, तासून बसव रे. माका उद्या फस्ट शिफ्ट आसा. सकाळी चारांक बस खंय गावतली?"

विमानतळाच्या कार्गोत त्याला दोनदा उशीर झाला होता, तिसऱ्यांदा झाला तर साहेब बोलणार होता. मी म्हटलं, बघूया. शू पकडीत धरला आणि कानस लावली. टोपी पोलादाची, कानस घसरत होती. मग मी पक्कडीने टोपीच उपटली आणि टोक कानशीने साफ केलं, दुसऱ्या शूचंही तसंच. शू लगेच आत बसला. इतका छान बसला की मला आनंद झाला. चाक फिरवून पाहिलं, ब्रेक लावून पाहिला, लवूने आवारात दोन फेऱ्या मारल्या आणि मला अंगठा दाखवला.

मिलमध्ये मी फिटर होतो. चुकीचा पट्टा यंत्रावर चढवणार नाही, असं मी साहेबाच्या तोंडावर दोनदा बोललो होतो, एकदा त्यासाठी चार दिवस घरी बसलो. पोलादाखाली मऊ धातू आहे हे मला कळत नव्हतं असं नाही. मी स्वतःशी म्हटलं, आठवडाभर चालेल, पुढच्या रविवारी बदलू. पुढच्या रविवारी पाऊस होता. मी म्हटलं, त्याच्या पुढच्या. तो अकराव्या दिवशी गेला. गुरुवारी, दुपारी तीन वाजता, शिफ्ट संपवून घरी येताना.

गाडी सोडवायला पोलीस चौकीत मीच गेलो होतो, आठव्या दिवशी. पुढचं चाक जाम होतं. मी वाकून ड्रमवरची दांडी पाहिली. ती जिथे कधीच जाऊ नये तिथे गेली होती. उघडायची गरज नव्हती. टेम्पोत गाडी चढवली, चाळीत आणली, जिन्याखाली ठेवली. मालनने मला पाणी दिलं. म्हणाली, "भावोजी, तुम्ही होतात म्हणून सगळं निभावलं." मी पाणी प्यालो आणि दुसऱ्या दिवशी निघालो.

बाराव्याला बसून लवूच्या नावाचं जेवण मला गिळवलं नसतं. लिहायला पाहिजे होतं, सांगायला पाहिजे होतं. ते मी केलं नाही. हे कारण म्हणून लिहीत नाही. झालं ते झालं तसं लिहितो आहे.

हे पत्र मालनला दाखव. पोलिसांत द्यायचं असेल तर द्या. मी इथेच आहे.

धोंडू

*

वाकोला
१८ मे २०२५

धोंडूकाका,

दोन महिने उत्तर दिलं नाही. द्यायचंच नव्हतं.

तुमचं पत्र वाचलं आणि मी जिन्याखाली गेले नाही ती गेलेच नाही. गाडी ठोकळ्यावर तशीच. कमिटीच्या सीतारामभाऊंना सांगून टाकलं, भंगारवाला आला की देऊन टाका. पत्र मी माझ्या सॅम्पलच्या बॅगेत खाली ठेवलं होतं. लोकांच्या घरी जायचे, दंडाला पट्टा बांधायचे, मूठ आवळा म्हणायचे, आणि डोक्यात एकच. अंगठा दाखवला. बाबांनी तुम्हाला अंगठा दाखवला.

तुमचा खूप राग आला. अजून आहे.

आईला परवा सांगितलं. तिने विचारलं, गाडी का द्यायला निघालीस, एवढी दुकानं पालथी घातलीस ती कशाला? मग मी पत्रच तिच्या हातात दिलं. खिडकीपाशी बसून तिने ते वाचलं. दोनदा. रडली नाही. मला म्हणाली, "ते शू कोणी आणले, ते लिहिलंय यांनी?"

मी म्हटलं, "बाजारातून आले म्हणून लिहिलंय."

"बाजारातून आपोआप चालत आले वाटतं," आई म्हणाली, आणि मग माझ्याकडे बघून तिने घाईने पत्राची घडी घातली. तिला ते बोलायचं नव्हतं, तोंडातून निघून गेलं.

काका, मी आणले होते.

शनिवारी घाटकोपरला माझा लॅब टेक्निशियनचा क्लास असायचा. बाबांनी सकाळी सांगितलं, येताना पुढचे ब्रेक शू घेऊन ये, गाडीचं नाव सांग, देईल तो. तुम्ही वरच्या गॅलरीतून ओरडलात, गाडीचं साल सांग गं, दोन हजार तीन, विसरू नको. मी 'हो' म्हटलं. दुकानात गर्दी होती, मैत्रिणी बाहेर थांबल्या होत्या. मी नाव सांगितलं. त्याने विचारलं, कौनसा मॉडेल? मी म्हटलं, पता नहीं, भैया, जो चलता है वो दे दो.

'जो चलता है वो दे दो.' माझ्याच तोंडचं वाक्य आहे हे. मी एवढी वर्षं विसरले कशी, कळत नाही. विसरले होते की आठवायचंच नव्हतं?

तुम्हाला माहीत होतं. तुमच्या पत्रात बाकी सगळं आहे. कानस घसरली ते आहे, पाऊस होता ते आहे, आईने पाणी दिलं ते आहे. फक्त मी नाही. तुम्ही मला उघडू नकोस म्हणत होतात, ते तुमच्यासाठी की माझ्यासाठी? आई म्हणते, "मला वाटलं भावोजींनी तोंड लपवलं. अर्धं तोंड तुझ्यासाठी लपवलं असेल." खरं आहे का हे?

खरं तेच लिहा.

दिशा

*

आंबडोस
२७ मे २०२५

दिशा,

खरं विचारलंस, तर मालन म्हणते तेवढा मी चांगला नाही.

तुझं नाव लिहिलं नाही, कारण ते तिथे येत नव्हतं. पण मी गावी पळालो ते तुझ्यासाठी, असं मी म्हणणार नाही. मी मालनला घाबरलो. पोलिसांना नाही, गावाला नाही. तिच्या डोळ्यांना. इथे आल्यावर रोज स्वतःला सांगायचो, की मी तोंड उघडलं तर पोरगी आयुष्यभर स्वतःला खात बसेल, म्हणून गप्प आहे. ते खरंही होतं. पण सोयीचंही होतं. तुझ्या नावाआड मी लपलो. त्याची माफी तुझ्याकडे मागायची राहिली होती, ती मागतो.

आता दुसरं ऐक, आणि हे मी काका म्हणून सांगत नाही, फिटर म्हणून सांगतो.

बाजारातून कोणी चुकीची वस्तू आणली तर ती पिशवीत पडून राहते. तिने कोणी मरत नाही. एकवीस वर्षांच्या मुलीने दुकानात साल सांगितलं नाही, तर जास्तीत जास्त काय व्हायला हवं होतं? सोमवारी तिला परत पाठवायला हवं होतं. लवूची एक शिफ्ट बुडायला हवी होती. तेवढीच त्या चुकीची किंमत. ती वस्तू हातात घेऊन, ती लागत नाही हे डोळ्यांनी बघून, तिची टोपी उपटून तिला गाडीत बसवणारा माणूस मी होतो. चूक तिथपर्यंत येऊन थांबावी म्हणूनच तर बसवणारा असतो. नाहीतर त्याचं काम काय?

लवू 'तासून बसव' म्हणाला. त्यालाही मी दोष देत नाही. त्याला कामावर जायचं होतं. ज्याला कळत नाही तो 'चालेल' म्हणू शकतो. ज्याला कळतं त्याने म्हणायचं नसतं.

तुला हे पटायला वेळ लागेल. काही दिवस पटेल, काही दिवस पटणार नाही. पण लिहून ठेवलं आहे, तेव्हा कागद जवळ ठेव.

गाडीचं तुझं तू ठरव. ठेवायची असेल तर २००३ च्या सुरुवातीचे शू बाजारात आता मिळणं कठीण, पण मुलुंडच्या बाजूला जुना माल धरून बसलेली दोनतीन दुकानं होती. टोपीला लोहचुंबक लावून बघ, पोलाद असेल तर चिकटतो. ब्रेक दाबल्यावर दांडी अर्ध्याच्या पुढे जाता कामा नये. गेली, तर परत उघड. कंटाळा आला तरी उघड.

काल शेजारचा कृष्णा मोपेड घेऊन आला होता. क्लचची तबकडी दुसऱ्याच गाडीची आणली होती, म्हणे घासून लावा. मी पाटीवर लिहून दिलं : नाही. तो कुरकुरत गेला. आज कणकवलीला जाऊन बरोबरची घेऊन आला. मी पेटी खाली काढली.

धोंडू

*

वाकोला
८ जून २०२५

धोंडूकाका,

शू मिळाले. मुलुंडला चार दुकानं फिरले. तीन जणांनी 'चालेल' म्हटलं. चौथा म्हातारा होता, त्याने जुना शू हातात घेतला, वजन केल्यासारखा धरला, आत गेला आणि वीस मिनिटं बाहेरच आला नाही. मग धुळीने माखलेला एक पुठ्ठ्याचा डबा घेऊन आला. "हा शेवटचा," म्हणाला. आपलं साल डब्यावर छापलेलं होतं. लोहचुंबक लावून पाहिला. चिकटला.

मीच बसवले. थाळी हलकेच ढकलली आणि ती आत गेली, जोर न लावता. तुम्ही म्हणता 'छान बसला', ते काय असतं ते मला तेव्हा कळलं, आणि मग मी तिथेच फरशीवर बसून बराच वेळ रडले. हरेश्वरला बोलावून तपासून घेतलं. त्याने दांडी वीस वेळा ओढून पाहिली आणि म्हणाला, "आता कोणाला हात लावू देऊ नको." आरटीओची तपासणी व्हायची आहे, तोपर्यंत रस्त्यावर काढता येणार नाही. काल आवारात दोन फेऱ्या मारल्या. आई गॅलरीत आली नाही. दार लावून आत बसली होती.

तुमचं म्हणणं मी रोज वाचते. तुम्ही लिहिलंत तसंच होतं. सकाळी कामावर जाताना पटतं. रात्री जेवायला बसले की पटत नाही. पण आता निदान कोणाशी तरी बोलता येतं.

पोलिसांत आम्ही काही दिलेलं नाही, देणार नाही. भाड्याची खोली कलिन्यात मिळाली आहे. तीस तारखेला हलायचं.

मी पत्र संपवत होते तेव्हा आईने कागद ओढून घेतला. म्हणाली, खाली जागा सोड.

दिशा

भावोजी,

तुमची पत्रं मी सगळी वाचली. माफ केलं असं मी लिहिणार नाही. माझं माणूस गेलं. तुम्ही मला तेव्हा सांगितलं असतंत तर मी काय केलं असतं ते मला माहीत नाही. पण तुम्ही न सांगता गेलात, आणि पाच वर्षं मी त्यांची आठवण काढायला बसले की घरातलं एकही माणूस सोबत नव्हतं. त्यांच्या लहानपणचं काही विचारायचं तर कोणाला विचारणार होते मी? तुम्हालाच माहीत होतं ना सगळं. याचा राग मला जास्त आहे.

तो राग कागदावर मावत नाही. म्हणून तुम्ही या. तीस तारखेच्या आत या, याच खोलीत या. तुम्हाला ऐकू येत नाही हे माहीत आहे. समोर बसा आणि माझ्या तोंडाकडे बघा. मी सावकाश बोलेन.

मालन